तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं

आई, तू गेलीस त्याला सतरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला मनातल्या मनातसुद्धा हाक मारलेली नाही. आज लिहायला बसले आहे ती तुझी आठवण आली म्हणून नव्हे. राग आला म्हणून. तो तुझ्यावरचा की माझ्यावरचा, हे मला या घडीला नीट सांगता येणार नाही. विश्रामबागेतल्या माझ्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. सकाळचे अकरा वाजलेत. कामाच्या दिवशी या वेळी मी घरात आहे, कारण माझी नोकरी गेली. कशी गेली ते इथं सांगलीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे माझं कौतुक करतात. तू असतीस तर तूही केलं असतंस, तेच मला नको आहे.

माझं काम काय होतं ते तुला कधी कळलं नाही. साताऱ्यात शेजारणींना तू सांगायचीस, "कॉम्प्युटरवर बसती." तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. सांगलीच्या एका कंपनीत लागले, ते तुझ्यानंतर. आम्ही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायचो. लॅबमध्ये रक्त तपासलं की रिपोर्ट वॉर्डातल्या सिस्टरच्या स्क्रीनवर यायचा, कागद घेऊन जिने चढायची कुणाला गरज नाही. असा प्रोग्राम चालतो तेव्हा तो केलेल्या प्रत्येक बारीक कामाची एक ओळ लिहून ठेवतो. रिपोर्ट आला, अमुक वाजता. जतन केला, अमुक वाजता. पाठवला, पोचला, पोचला नाही. याला लॉग म्हणतात. आमचे बरेच सर्व्हर होते आणि त्या सगळ्यांच्या ओळी एका ठिकाणी गोळा व्हायच्या, दिवसाला लाखांनी. कुठं काही अडलं की त्या ढिगातून नेमकी ओळ शोधून काढायची, हे माझं काम. शेजारी दुसऱ्या पडद्यावर आलेख असायचे, कुठला सर्व्हर किती दमलाय ते सांगणारे. थोडक्यात सांगायचं तर तू पेशंटच्या पायाशी जो तक्ता अडकवायचीस, तोच मी यंत्रांचा वाचायचे. फरक एवढाच की माझा तक्ता कुणी माणूस लिहीत नव्हता. मला वाटायचं, म्हणून तो खोटा असू शकत नाही. ही नोकरी मी त्यासाठीच धरली होती, हे तुला सांगता आलं असतं तर तुला लागलं असतं. लागायला हवं होतं.

पाटणची ती दुपार. मी सहावीत आहे. शाळेतून आले तर तू सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसली आहेस, युनिफॉर्म अजून अंगावर, आणि पुढ्यात बीपीचा कोरा छापील तक्ता. शेजारी दोन पेनं, एक निळं, एक काळं. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं पेन्सिलीनं वेळा आणि आकडे लिहिलेले. तू म्हणालीस, "हात धू आन् बस हितं. तू वाच, मी लिहिते. सावकाश वाच." मी वाचलं. एक वाजता एकशे दहा, सत्तर. सव्वा वाजता एकशे आठ, सत्तर. तू दोन ओळी निळ्या पेनानं लिहायचीस, मग काळं घ्यायचीस, मध्येच हात सैल सोडायचीस, अक्षर जरा तिरकं करायचीस, म्हणजे ते एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसू नये. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की आईला माझी मदत लागली आहे. शेवटी तू दवाखान्यातून आणलेला जुना, भरलेला तक्ता गॅसवर धरलास आणि राख मोरीत सोडलीस. मग मला साखर घालून दूध दिलंस.

आदल्या दिवशी बाळंतपणानंतर एक बाई रक्तस्राव होऊन गेली होती. डॉक्टरसाहेब दवाखान्यात नव्हते, कऱ्हाडला स्वतःच्या खासगी कामाला गेले होते. तू एक वाजल्यापासून फोन लावत होतीस, आणि तुझ्या खऱ्या तक्त्यावर बीपी एक वाजल्यापासूनच उतरत गेलेलं होतं. नव्या तक्त्यावर ते साडेतीनपर्यंत ठीक राहिलं. म्हणजे मग प्रश्न उरला की साडेतीनला एकाएकी असं काय झालं आणि ते वेळेत कुणी पाहिलं नाही. त्याचं उत्तर तयार होतं. बाईजवळ बसायला सांगितलेली आया उठून गेली होती.

ती आया म्हणजे आपली खाला. तिचा नवरा गाद्या भरायचा, आणि तिच्या अंगाला कायम कापसाचा बारीक तूस चिकटलेला असायचा. तुझी दुपारपाळी असली की मी तिच्याकडं जेवायचे. ती उठून गेली नव्हती. तिनंच त्या बाईचा हात धरून ठेवला होता, हे तूच मला आधी सांगितलं होतंस, तक्ता लिहायच्या आदल्या संध्याकाळी, रडत. पंधरा दिवसांत खालाला कामावरून काढलं. ती आपल्या दारात आली. आत आली नाही. "सिस्टर, तुमी तरी बोला की. तुमी व्हता न्हवं तितं." तू म्हणालीस, "माज्या हातात काय हाय खाला? वरनं आलंय." ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बाळ, जेवलीस का?" आणि गेली. नंतर मी तुला विचारलं, खाला उठून गेली होती असं का लिहिलं? तू माझा दंड इतका जोरात धरलास की तुझ्या बोटांचे वळ दोन दिवस राहिले. "घरातलं बाहेर बोलायचं न्हाई. कळलं?"

चार महिन्यांत तुझी साताऱ्याला बदली झाली. तू तीन वर्षं अर्ज करत होतीस, तो एकदम मंजूर झाला. मला चांगली शाळा मिळाली, प्रयोगशाळा असलेली, गणिताला चांगले मास्तर असलेली. मी त्या शाळेमुळं इथवर आले, हे खोटं नाही. इंजिनिअरिंग संपल्यावर साताऱ्याच्या घरात, तू मेथी निवडत होतीस तेव्हा, मी ते पुन्हा काढलं. तू काड्या मोडत राहिलीस. मग म्हणालीस, "पाटणात राहिले असते तर तुझं काय झालं असतं? तुझ्यासाठीच केलं." मी म्हटलं, माझ्या नावावर लिहू नकोस. तू वर बघितलंस आणि म्हणालीस, "तूच वाचलंस की." त्यानंतर आपण सण-वाराचं आणि तब्येतीचं बोललो, दुसरं काही नाही. पाच वर्षांनी तू गेलीस, अर्धांगाचा झटका येऊन, एका दिवसात. मी पुण्याहून पोचले तेव्हा तुला खाली घेतलेलं होतं. मी रडले नाही. लोकांना वाटलं, धक्का बसलाय.

आता माझं ऐक.

आमचं सॉफ्टवेअर असलेल्या एका हॉस्पिटलात एक माणूस दाखल होता, किडनीचा त्रास असलेला, शाळेतला शिपाई. सकाळी रक्त घेतलं. पोटॅशियम फार वाढलेलं निघालं. असा रिपोर्ट मिनिटांत वॉर्डात पोचावा लागतो, तुला सांगायला नको. लॅबमधल्या तंत्रज्ञ मुलीनं तो भरला, बटण दाबलं, तिच्या स्क्रीनवर हिरवी खूण आली. वॉर्डात तो अडतीस मिनिटांनी दिसला. तोवर त्या माणसाचं हृदय थांबलं होतं. वेळेत कळलं असतं तर तो वाचला असता का, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हॉस्पिटलनं ठरवलं की मुलीनं रिपोर्ट उशिरा टाकला आणि वॉर्डाला फोनही केला नाही. तिला कामावरून बाजूला केलं आणि चौकशी लावली.

तिसऱ्या दिवशी ती तिच्या वडलांना घेऊन आमच्या ऑफिसात आली. कवठे महांकाळची माणसं. वडील सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खुर्चीत पाठ न टेकता बसलेले. मुलगी म्हणाली, "मॅडम, हिरवी खूण आली होती. आणि फोनचं म्हणाल तर ट्रेनिंगला तुम्हीच सांगितलं होतं ना, हिरवी खूण आली की काम झालं, आता फोनची गरज नाही." सांगितलं होतं. ते ट्रेनिंग मीच घेतलं होतं. सुभेदार मध्येच बोलले, "आवं मॅडम, पोरगी तीन दिस झालं जेवली न्हाई. मी म्हनतो, मानूस खोटं बोलंल, मशीन कशाला बोलंल? तुमच्या कॉम्प्युटरात त्ये दिसत असंल का न्हाई, हिनं कवा बटन दाबलं त्ये?"

"दिसतं," मी म्हटलं. "सगळं दिसतं."

"मग झालं की," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे पहिल्यांदा जरा खाली आले.

मी त्याच दिवशी शोधलं. प्रत्येक रिपोर्टला एक क्रमांक असतो, तो टाकला की त्या रिपोर्टचा सगळा प्रवास ओळीनं समोर येतो. मुलीनं बटण दाबलं ते अकरा वाजून सात मिनिटांनी. म्हणजे तिची चूक एका मिनिटाचीही नाही. रिपोर्ट जतन झाला, तिला हिरवी खूण गेली, आणि पुढं वॉर्डात पाठवायच्या रांगेत तो उभा राहिला. रांग हलत नव्हती. डेटाबेसशी बोलायला प्रोग्रामला ठरावीक जोडण्या मिळतात, काम झालं की त्या परत करायच्या असतात. दोन आठवड्यांपूर्वी आम्ही जी नवी आवृत्ती चढवली होती, ती काही जोडण्या परतच करत नव्हती. त्या दिवशी सकाळी त्या संपल्या. आलेख बघितला तर दोन आठवडे रोज थोडा थोडा चढत गेलेला, कुणाही शिकाऊ माणसाला दिसावा असा. मग इशारा का मिळाला नाही? आमच्याकडं इस्लामपूरचा एक सहकारी होता, इशारे वाजवायची सगळी मांडणी त्याची, अतिशय काटेकोर माणूस. त्याचा इशारा वाजला होता. आदल्या दिवशीच वाजला होता, आणि मग गप्प केला गेला होता. कुणी गप्प केला तेही लॉगमध्ये असतं, तारीख, वेळ आणि नाव. माझं नाव होतं. दिवसाला वीस-वीस वेळा मोबाइल वाजायचा, बहुतेक वेळा उगीच, त्यातलाच एक समजून मी जेवता जेवता तो बंद केला होता. ते मला आठवतसुद्धा नव्हतं. ओळीत वेळ दिली आहे म्हणून कळलं की मी जेवत होते.

मी आमच्या सरांना जाऊन सांगितलं. कंपनी त्यांची, वयानं माझ्याहून लहान, बोलायला गोड. जोडण्यांचं सगळं सांगितलं. माझ्या नावाचं सांगितलं नाही, ते त्यांनी विचारलं नाही. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मॅडम, मी काही पुसा म्हणत नाही हं. तसलं आपण करत नाही. पण आपले लॉग तीस दिवसांनी आपोआप जातात ना? मग जाऊ द्या की. हॉस्पिटलला आपण कळवू, आमच्या बाजूनं दोष आढळला नाही." मला हसू आलं, आई. तुला कोरा तक्ता लागला, दोन पेनं लागली, गॅस लागला, एक मुलगी लागली वाचायला. आम्हाला काहीच करावं लागत नव्हतं. फक्त थांबायचं होतं.

आणि मी थांबले. हे लोकांना माहीत नाही. त्यांना वाटतं मी लगेच उठून गेले. मी साडेतीन आठवडे रोज ऑफिसात गेले, डबा खाल्ला, दुसऱ्या हॉस्पिटलांच्या तक्रारी सोडवल्या. सुभेदार दर दोन दिवसांनी फोन करायचे. "मॅडम, काय गावलं का?" मी म्हणायचे, काम चालू आहे. एकदा त्यांनी विचारलं, "लय अवघड असतंय का वो हे हुडकणं?" मी म्हटलं, हो, फार अवघड असतं. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा ते काही विचारत नव्हते. म्हणाले, पोरीला आता घरी घेऊन जातो, चौकशीचं काय व्हायचं ते होऊ दे, ती रातदिस भिंतीकडं तोंड करून पडलेली असती. "तुमी लय मेहनत घेतली मॅडम. आभारी हाय." त्या आभारावर मी उठले. त्या रिपोर्टच्या सगळ्या ओळी आणि आलेख उतरवून घेतले, छापले, आणि दुपारी स्वतः हॉस्पिटलच्या चौकशी समितीपुढं जाऊन ठेवले. एकेक ओळ बोट ठेवून समजावून सांगितली. मुलगी चार दिवसांत सुटली. दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावून राजीनामा मागितला, गोड आवाजातच. ती मुलगी त्या हॉस्पिटलात परत गेली नाही, आता कवठे महांकाळला एका छोट्या लॅबमध्ये आहे आणि प्रत्येक रिपोर्टला दोनदा फोन करते म्हणे. कंपनीचं काम तसंच चालू आहे, "तांत्रिक अडचण" या दोन शब्दांवर सगळं मिटलं. त्या शिपायाच्या बायकोला कुणी काय सांगितलं, मला माहीत नाही. मी तिला भेटायला गेले नाही.

गेल्या आठवड्यात सुभेदार इथं घरी आले, बेदाण्याची मोठी पिशवी घेऊन. बसले नाहीत. दारात उभे राहून त्यांनी मला सॅल्यूट केला, खरा, लष्करातला. "आमी रानातली मानसं. पर तुमच्यासारकं मानूस बगितलं न्हाई. आईबापानं चांगलं वळन लावलंय." मी पिशवी घेतली.

मी समितीपुढं जे ठेवलं त्यात एक ओळ नव्हती. लॉग उतरवून घेताना स्क्रीनवर छोटे चौकोन येतात, काय काय हवं त्यापुढं बरोबरची खूण असते. इशारे कुणी चालू-बंद केले, त्याच्या चौकोनातली खूण मी काढली. एकदाच क्लिक केलं, आवाजही झाला नाही. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "इशारा देणारी काही सोय नव्हती का?" मी म्हटलं, "होती, पण चालली नाही." बघ किती सोपं वाक्य आहे आपल्या भाषेत. चालली नाही. करणारं कुणी लागतच नाही. त्यांनी ते तसंच अहवालात लिहिलं, आणि त्या अहवालावरून सरांनी इस्लामपूरच्या त्या सहकाऱ्याला काढलं. इशाऱ्यांची जबाबदारी त्याची होती ना.

तुला वाटेल, आता मी म्हणेन की मला तू कळलीस, मी तुला माफ केलं. नाही. तुला खालासमोर तोंड उघडायला पंधरा दिवस होते, मग चार महिने, मग सगळा जन्म होता. तू गप्प राहिलीस आणि ते माझ्या नावावर घातलंस. मला तर नावावर घालायला कुणी मुलगीही नाही. मी ते फक्त माझ्यासाठी केलं, आणि नोकरी घालवून वर मोठेपणाही घेतला. तुझं निदान कुणी कौतुक करत नव्हतं.

हे पत्र मी पाठवणार नाही, आणि पाठवायचं कुठं? हे खरं तर त्या सहकाऱ्याला लिहायला हवं. परवा त्याचा फोन आला होता. आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. म्हणाला, "मॅडम, इशारा खरंच वाजला नव्हता का? मी आदल्याच आठवड्यात तपासला होता वो. माझं नक्की काय चुकलं तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं." त्याला वाटलं असेल मी आठवायचा प्रयत्न करते आहे. मी मनात दिवस मोजत होते. तीस होऊन गेले आहेत याची खात्री झाली, आणि मग मी म्हटलं, "असेल काहीतरी बारीकसं. आता कसं कळणार?"